दीपस्तंभापाशी एक रेघ

४ फेब्रुवारी

“वहिनी, एक नाणं म्हणजे नुसता संशय. दुसरं सापडलं की पुरावा.”

चौदा वर्षांपूर्वी, त्या घरात मी नवी असताना, माझ्या हातात भिंग देऊन नणंदेने मला हे सांगितलं होतं. आज नाणेसंग्राहक मंडळाच्या चिटणिसांनी जवळजवळ तेच वाक्य मला ऐकवलं आणि वर चष्मा पुसत असं बघितलं, जणू मी पहिलीतली मुलगी आहे आणि त्यांनी मला ‘क’ गिरवायला दिलाय.

माझं नाणं त्यांनी नाकारलं. नाणं म्हणजे जुनी ब्रिटिश हाफपेनी. एका बाजूला राणीचं डोकं, दुसऱ्या बाजूला हातात त्रिशूळ घेऊन बसलेली बाई, तिच्या एका अंगाला जहाज आणि एका अंगाला दीपस्तंभ. (आई म्हणते, इतकी वर्षं नुसती बसून आहे, हिला घरात कोणी काम सांगत नाही का.) अशी नाणी ढिगाने पाडली गेली, पण एकाच ठशाने नव्हे. ठसा झिजला, तडकला की दुसरा यायचा, आणि दोन ठशांत काही ना काही वेगळं राहायचंच. डोक्यावरच्या वेलीला पानं जास्त, एखादा अंक दोनदा ठोकलेला. आमचं मंडळ हे फरक शोधत बसतं. लोक हसतात. हसू देत.

माझ्या नाण्यावर दीपस्तंभाच्या पायथ्याशी एक बारीक उभी रेघ आहे, उठावाची. ती आजवर कोणी नोंदलेली नाही. माझं म्हणणं, ठशावरच ओरखडा होता. चिटणीस म्हणतात, रेघेशेजारी खड्डा आहे, कशाचा तरी फटका बसून धातू वर आला असेल. “फटका एकाच नाण्याला बसतो. ठशातली खोट प्रत्येक नाण्यावर उतरते. तुम्हाला मी काय सांगायचं, तुम्ही तर साच्यांचंच काम करता.”

करतेच. मी दात बनवते. दंतवैद्य तोंडाचं माप पाठवतात, मी त्यात प्लास्टर ओतते आणि त्या प्लास्टरच्या जबड्यावर कॅप, ब्रिज, कवळ्या बसवते. वीस वर्षं. मला साचा शिकवतायत.

महिनाअखेरीस मंडळाची नवी पुस्तिका छपाईला जाणार. तोवर दुसरं नाणं दाखवलं तर माझी रेघ तिच्यात जाईल, नाहीतर नाही. दुसरं नाणं आहे. कुठे आहे तेही मला माहीत आहे. चिटणिसांना सांगून आले की माझ्या नणंदेकडे आहे, तुम्हीच विचारा, मी तिच्याशी सहा वर्षं बोललेले नाही.

७ फेब्रुवारी

ती नाही म्हणाली.

चिटणिसांनी तिच्या घरी फोन केला होता. आधी भावाने उचलला, कोण, कशाला, कुठलं मंडळ, सगळी चौकशी केली, मग ती आली. म्हणाली, तसं नाणं माझ्याकडे नाही, मला काही आठवत नाही. एवढं बोलून ठेवून दिला. चिटणिसांना अवघडल्यासारखं झालं होतं. “तुमचा काही गैरसमज तर नाही ना?” हे त्यांनी मला अगदी मऊ आवाजात विचारलं. त्या मऊपणाचाच जास्त राग आला.

आठवत नाही! जुन्या सामानवाल्याकडून आम्ही दोघींनी मिळून डबाभर नाणी आणली होती. टेबलावर ओतली आणि लहान मुली चिंचोके वाटून घेतात तशी वाटून घेतली, एक तुला, एक मला. तिच्या वाटणीतल्या एकावर तिला रेघ दिसली. तिने भिंग खाली ठेवलं, नाणं माझ्यापुढे धरलं. मी माझा ढीग उपसला आणि संध्याकाळपर्यंत माझ्याकडचं सापडलं. तेव्हा ती खुर्चीवरून उठून नाचली होती. चाळिशीची, शाळेत चित्रकला शिकवणारी बाई. आपल्या दोघींच्या नावाने नोंदवायचं, असं ठरलं होतं. तिच्या नाण्यावर खड्डा नव्हता. रेघ स्वच्छ होती, केसासारखी.

त्यानंतर पंधरवड्यातच मी ते घर सोडलं.

लग्न झालं तेव्हा सासूबाईंनी बजावलं होतं की नणंदेला वन्सं म्हणायचं. म्हणून चारचौघांत ‘वन्सं, तुम्ही’ आणि नाण्यांच्या टेबलावर ‘वन्सं, तू’. आम्हाला त्याचंच हसू यायचं. आता सासूबाई गेल्या, नवरा नवरा राहिला नाही. जी आपली नणंद होती आणि आता नाही, तिला काय म्हणायचं, याला आपल्याकडे शब्दच नाही. मला सुचतात ते शब्द इथे लिहिण्यासारखे नाहीत.

८ फेब्रुवारी

आज दोन कॅप बिघडल्या. परत ओतल्या. आई म्हणाली, एवढं मनाला लावून घ्यायला ते नाणं चहाच्या बशीएवढं तरी असायला हवं होतं.

१५ फेब्रुवारी

मासिक बैठक. ती येईल असं वाटलं नव्हतं. आली, तीही चिटणिसांना पुस्तिकेची चित्रं द्यायला. मोठी करून काढलेली नाणी, तिच्याइतकी सफाईदार कोणालाच जमत नाहीत. चित्रं टेबलावर ठेवली आणि मागच्या रांगेत दाराजवळ बसली.

मी उभी राहून माझ्या नाण्याचं सांगत होते. मुद्दाम मोठ्याने. आणि ती पूर्ण वेळ तोंडावर रुमाल धरून बसली होती. एकदासुद्धा खाली घेतला नाही. माझ्यावर हसणं दाबत होती, दुसरं काय. कोणीतरी तिला चहा दिला तर मानेनेच नको म्हणाली. चहाशिवाय ही बाई कधी बैठकीतून उठली नव्हती. एवढा तोरा.

मग मी गाठलीच तिला, बाहेर जिन्यात. सहा वर्षांत पहिल्यांदा. नाणं आहे की नाही, एवढंच सांग म्हटलं. ती रुमालातूनच बोलली, नीट ऐकूही येत नव्हतं.

“आहे, वहिनी. माझी सगळी नाणी दादाच्या कपाटात आहेत. किल्ली त्याच्याकडे असते.”

“तुझी नाणी, आणि किल्ली त्याच्याकडे?”

“तो विषय नको ना. खाली गाडीत बसलाय तो.”

आणि गेली. पाठीमागून बघितलं तर जिन्याच्या कठड्याला धरून एकेक पायरी उतरत होती, म्हातारीसारखी. मी म्हटलं, कर नाटकं.

शेहेचाळीस वर्षांची बाई, स्वतः कमावते, आणि स्वतःच्या नाण्यांची किल्ली भावाकडे. मला इतकी दुधखुळी समजते? सरळ म्हण ना, द्यायचं नाही. हिच्या तोंडून सरळ गोष्ट कधी निघालीच नाही. माझं मनगट मोडलं तेव्हाही नाही.

लिहूनच टाकते, आज झोंबतंय. तिच्या भावाने, म्हणजे तेव्हाच्या माझ्या नवऱ्याने, मला ढकललं. स्वयंपाकघरातून बाहेर येताना, कशावरून ते आता आठवतही नाही, इतकं ते किरकोळ होतं. मी भिंतीवर आपटले आणि हातावर पडले. ती दारात उभी होती, हातात पाण्याचं भांडं. तिने पाहिलं. आमची नजर भेटली होती. दवाखान्यात डॉक्टरांनी विचारलं, कसं झालं, तर माझ्या आधी तीच बोलली. “ओल्या फरशीवर घसरली.” पुढे दोन्हीकडची मोठी माणसं बसली, मी सांगितलं काय झालं ते, आणि सगळे तिच्याकडे वळले. तू होतीस ना तिथे? ती म्हणाली, फरशी ओली होती.

फरशी ओली होतीच. तिच्याच हातातल्या भांड्यातलं पाणी सांडलं होतं. पण ते नंतर.

माझी एकटीची गोष्ट, म्हणजे नुसता संशय. हे तिनेच मला शिकवलं होतं, तेव्हा तक्रार कुठे करू.

१८ फेब्रुवारी

चिटणिसांचा फोन. तिच्याशी काही बोलणं झालं का. झालं म्हटलं, भिंतीशी. ते हसले नाहीत.

२० फेब्रुवारी

आज जे झालं ते नीट लिहायचं आहे.

पुलापलीकडच्या दंतवैद्य बाईंकडून माप आलं. वरचा जबडा, पुढचे दोन दात गेलेले, ब्रिज करायचा. त्यांच्या दवाखान्याची माझी कामं मी स्वतःच नेते-आणते, मागच्या दाराने, कारण पुढे पेशंट बसलेले असतात. डबा उघडून प्लास्टर ओतलं, वाळल्यावर साचा सोडवला आणि हातात धरून बसून राहिले.

हा जबडा मी ओळखते. डावा सुळा शेजारच्या दातावर चढलेला, मागच्या दाढा सपाट घासलेल्या. वन्सं झोपेत दात खायची. बारा वर्षांपूर्वी मीच तिला रात्री घालायची पट्टी करून दिली होती याच मापाची. माणसाचा चेहरा विसरेन, तोंड नाही विसरत.

दंतवैद्य बाईंना फोन केला, म्हटलं शेजारचा दात आत ढकलल्यासारखा दिसतोय, माप घेताना हललं का. त्या म्हणाल्या, नाही हो, तो तसाच आहे, हलतोय, बघू वाचतो का. “ओल्या फरशीवर घसरल्या म्हणे. नशीब बघा, हनुवटीला, हातांना कुठे खरचटलंसुद्धा नाही, सगळं दातांवर निभावलं.” पेशंट चित्रकलेच्या शिक्षिका आहेत, रंगाबद्दल फार चोखंदळ असतील, तेव्हा रंग जुळवायला तुम्हीच एकदा येऊन जा, असंही म्हणाल्या. मी सांगितलं की वेळ नाही.

ओल्या फरशीवर! त्या घरात फरशी बारा महिने ओलीच असते वाटतं. इतक्या वर्षांत एक पायपुसणं घालायला झालं नाही कोणाला. हसूच आलं मला. आणि खोटं कशाला लिहू, बरं वाटलं. माझं मनगट अजून भिंग धरताना दुखतं. तिलाही आता काही दिवस घास चावताना आठवण राहील की फरशी ओली असली की काय होतं.

रुमालाचाही उलगडा झाला. हसत नव्हती, दात नव्हते. म्हणजे निदान माझ्यावर हसत नव्हती. तेवढ्यापुरता राग मागे घेते. नाण्याचा घेत नाही.

२१ फेब्रुवारी

ब्रिजचं मेणातलं काम अंगावर पडल्यासारखं केलं. मनात आलं, एक दात किंचित पुढे ठेवावा. ते केलं नाही. राग आला म्हणून मी वाईट दात करत नाही, तेवढी एक गोष्ट माझ्याकडे उरलीय.

आई टेबलापाशी आली, साचा उचलून फिरवून बघितला. कोणाचा म्हणाली. सांगितलं. आईला वन्सं पहिल्यापासून आवडायची, त्या सगळ्या प्रकारानंतरसुद्धा. मला त्याचाही राग येतो. आई म्हणाली, “बिचारी. तुझ्यामागे ती एकटी राहिली तिथे.”

मी म्हटलं, राहिली नाही, थांबली. स्वतःच्या पायांनी थांबली.

 आईने साचा पोर झोपवावं तसा खाली ठेवला.

२४ फेब्रुवारी

दुसरा साचा ओतायचा होता. रबराच्या मापात दोनदा ओतता येतं, एक कामाला आणि एक तपासायला. सोडवला आणि दोन्ही शेजारी ठेवले. दोन्हींवरही हिरडीच्या त्याच जागी मोहरीएवढा फोड आला होता. मापात हवेचा बुडबुडा राहिला की असं होतं, रोजचंच आहे. कोरून टाकायचं आणि पुढे जायचं. शिकाऊ मुलींना मी पहिल्या दिवशी हेच सांगते. एका साच्यावर फोड दिसला तर प्लास्टरला नावं ठेवा. दोन साच्यांवर एकाच जागी दिसला तर माप बघा.

कोरणी हातात घेतली आणि तशीच बसले.

माझं मनगट. तिचे दात. दोन्ही ओल्या फरशीवर. शब्दसुद्धा तेच.

माणूस घसरलं की हात पुढे करतं. मी केले होते, म्हणून मनगट गेलं. तिच्या हाताला खरचटलेलंसुद्धा नाही. हे मला दंतवैद्य बाईंनी चार दिवसांपूर्वीच सांगितलं होतं आणि मी इथे लिहूनही ठेवलं होतं, स्वतःच्या हाताने, आणि खाली पायपुसण्याचा विनोद केला होता.

सात तारखेला चिटणिसांचा फोन आधी त्याने घेतला. ती बोलत होती तेव्हा तो कुठे उभा होता, हे मी विचारलंच नाही. बैठकीला तो खाली गाडीत बसून होता. पायरी पायरी धरून उतरत होती ती. किल्ली.

किती दिवस चाललंय हे? मी जाण्याआधीपासून? झोपेत दात खायची तेव्हापासून?

आज मला इतका राग आला आहे की अक्षर नीट येत नाही. त्याचा तर आलाच आहे, पण तो जुना आहे, त्याला जागा ठरलेली आहे. हा नवीन आहे आणि कुठे ठेवावा कळत नाही. मी सहा वर्षं तिला खोटारडी म्हणत आले. खोटं ती बोललीच. ते मी आजही माफ केलेलं नाही, आणि करीन असं वाटत नाही. तिने तेव्हा एक वाक्य खरं बोललं असतं तर आज तिचे दात तिच्या तोंडात असते, हेही मला तिला ओरडून सांगायचंय. आणि तिला ओरडून सांगणारी मी पहिली नसेन, हेही कळतंय.

फोड दोन्ही साच्यांवरचा कोरून टाकला. करायलाच लागतो.

२५ फेब्रुवारी

दंतवैद्य बाईंना फोन करून सांगितलं, रंग जुळवायला येते. त्या म्हणाल्या, परवा सकाळी पेशंट आहेत, भाऊ घेऊन येतो, तो पुढे पेपर वाचत बसतो, फार काळजी घेणारा माणूस. मी म्हटलं, हो, मला माहीत आहे किती काळजी घेतो. सांगावं का त्यांना, असं ओठापर्यंत आलं होतं. काय सांगू? माझ्याजवळ एक मोडलेलं मनगट आणि एक प्लास्टरचा जबडा. त्या भल्या आहेत, पण त्या सरळ तिलाच विचारतील, आणि ती म्हणेल, फरशी ओली होती.

२६ फेब्रुवारी

चिटणीस स्वतः कामाच्या जागी आले, पुस्तिका उद्या छपाईला जाते, दुसऱ्या नाण्याचं काय झालं म्हणून. जिना चढून दम लागला होता त्यांना. मी नाही म्हटलं. ते म्हणाले, पुढच्या आवृत्तीत बघू, तोवर मिळेल कुठेतरी. मग टेबलावरचे दोन जबडे बघत म्हणाले, “त्या दिवशी फोनवर तुमच्या नणंदबाई फार घाबऱ्या वाटल्या हो. मला वाटलं, माझ्याच बोलण्याचं काही चुकलं.”

माझ्याखेरीज सगळ्यांना काहीतरी वाटलं होतं.

पुस्तिकेचं वाईट वाटेल असं वाटलं होतं. वाटलंही. वन्संनी काढलेल्या चित्रांत माझी रेघ नसणार. सहा वर्षं मी त्या रेघेवर जगले आणि छपाईच्या आदल्या दिवशी मला जेवण गेलं, याचंच नवल वाटतं.

संध्याकाळी आईला म्हटलं, मधल्या खोलीतली गादी जरा झटकून ठेव. कोण येतंय म्हणाली. कोणी नाही म्हटलं. तिने झटकलीच, वर धुतलेली चादरही काढली.

२७ फेब्रुवारी, सकाळी

निघायला अजून अवकाश आहे. रंगांची पट्टी घेतली आहे, दातांच्या सोळा छटा, एकेक तिच्या ओठांपाशी धरून बघायची. ती खुर्चीत तोंड उघडून असेल, तेव्हा बोलायचं मलाच आहे. दंतवैद्य बाई मधेच दुसऱ्या पेशंटकडे जातात, तेवढी पाच मिनिटं मिळतील. तो पुढे, पेपरामागे. मागचं दार बोळात उघडतं, तिथून आमच्या कामाची जागा पूल ओलांडून दोन वळणांवर.

माझं नाणं घेऊन जावं का, तिला दाखवायला, असं मनात आलं. खिशात टाकलं आणि परत काढून ठेवलं. उगाच तिला वाटेल, मी अजून त्याच्याचसाठी आले आहे.

रागावून बोलायचं नाही असं ठरवलंय. जमेल असं नाही. ती मला वहिनी म्हणेल आणि माझं डोकं फिरेल. फिरलं तरी आवाज खाली ठेवायचा.

ती नाही म्हणणार, हे मला आत्ताच दिसतंय. म्हणेल, दादा तसा वाईट नाही. म्हणेल, शाळेत काय सांगू, लोक काय म्हणतील, माझे कपडे, माझी नाणी. किंवा काहीच म्हणणार नाही, नुसती मान हलवेल, आणि तीही हळू, कारण दुखेल. तेव्हाही ती त्या दारात उभी राहिली आणि आत गेली, आताही आतच जाईल. मी तरी विचारणार आहे. रंगाची पट्टी तिच्या तोंडापाशी धरून, कोणाला दिसलं तर मी दातच बघत्येय असं वाटावं म्हणून, अगदी जवळ जाऊन म्हणणार आहे:

“वन्सं, नाणं राहू दे त्याच्या कपाटात. तू मागच्या दाराने माझ्याबरोबर चल.”